बऱ्हाणपूरची तहान ओळखणारा रहीम

इतवारा, बऱ्हाणपूर : रहीमचे दोहे पाठ न करता हिंदी शाळेतून बाहेर पडलेला सीमाभागातील मराठी मुलगा विरळाच. परंतु हाच अब्दुल रहीम खानखाना आपल्या बऱ्हाणपूरला पाणी देऊन गेला, हे किती जणांना ठाऊक असते?

रहीम यांचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. १५६१ मध्ये पिता बैरामखान यांची गुजरातेत हत्या झाली आणि पोरक्या रहीमला अकबराने वाढविले. ते सेनापती झाले, तसेच पंडितही. १५८९ मध्ये त्यांनी बाबरनामा तुर्कीतून फारसीत आणला आणि कविता लोकभाषेत केली.

दक्षिणेच्या मोहिमेसाठी मोगलांचा तळ बऱ्हाणपुरात पडला. फौज वाढली, पेठा वाढल्या, पाणी मात्र पुरेना. रहीम यांनी यातील जाणकाराचा सल्ला घेतला. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे उतरते, ते वाटेतच अडवावे, असे फारसी भूजलतज्ज्ञाने सुचविले. १६१५ च्या सुमारास काम उभे राहिले. ओळीने शंभराहून अधिक कुंड्या खोदून त्या तळाशी भुयाराने जोडल्या. मोट नाही, रहाट नाही. केवळ उतारावर पाणी शहरात आले. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्याच कामाची भावंडे.

रहीम यांची अखेर दुःखात गेली. पुत्र शाहनवाजखान १६१९ मध्ये वारला. त्याची कबर येथेच उतावळीकाठी आहे. दुसरा पुत्र दाराब राजकारणात मारला गेला. १६२७ मध्ये दिल्लीत रहीम यांनी देह ठेवला.

आज लोक या कामाला खुनी भंडारा म्हणतात. पाण्याच्या लालसर झाकेवरून हे नाव पडले, असे काही सांगतात. कुंडीचेच खुनी झाले, असे इतर म्हणतात. नाव बिघडले की परका त्यात रक्त शोधतो आणि कुंड्या विसरतो. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीतही खुनी भंडारा हेच नाव गेले.

१९५६ च्या प्रांतरचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो, म्हणून घरची भाषा सुटत नाही आणि शेजारची परकी होत नाही. रहीम यांनी अनेक भाषा सांभाळल्या आणि पाणी सर्वांना दिले. भुयारात क्षारांचे थर साचत आहेत. आसपास कूपनलिका खोदण्यापूर्वी एवढे आठवावे. आणि मुलांना दोहा शिकविताना कुंडी हा शब्दही शिकवावा.