तीस रुपयांची फी

गिरगावातून हायकोर्टापर्यंत चालत गेल्यास पाऊण तास लागतो. आज आपण बस किंवा टॅक्सी पकडतो. पण सुमारे 130 वर्षांपूर्वी गिरगावात राहणारा एक तरुण बॅरिस्टर हे अंतर रोज पायी जात असे आणि पायीच घरी परतत असे. ट्रामचे भाडे वाचवणे त्याला भाग होते, कारण त्याच्याकडे खटलेच येत नव्हते. त्या तरुणाचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींचे सत्याग्रही जीवन आपण शाळेत शिकलो आहोत. वकील म्हणून त्यांनी पैशाचा व्यवहार कसा सांभाळला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज आपल्यापैकी अनेकांना घराच्या, भाड्याच्या किंवा वारसाहक्काच्या कामासाठी वकिलाच्या दारी जावे लागते. म्हणून ही हकीगत आपल्या उपयोगाची आहे.

गांधीजींचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे झाला. लंडनच्या इनर टेंपल या संस्थेतून जून 1891 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मायदेशी परतल्यावर मुंबईत आले. त्यांचा पहिला खटला स्मॉल कॉज कोर्टातला होता. मामीबाई नावाच्या स्त्रीच्या वतीने त्यांना उभे राहायचे होते. काम मिळाले तेव्हाच त्यांना सांगण्यात आले की, दलालाला कमिशन द्यावे लागेल. त्यांनी साफ नकार दिला. महिन्याला तीन-चार हजार कमावणारे नामांकित वकीलसुद्धा कमिशन देतात, असे त्यांना समजावण्यात आले. त्यांना ते पटले नाही. आपल्याला महिना तीनशे रुपये पुरेसे आहेत, वडिलांनाही त्याहून जास्त मिळत नव्हते, असे त्यांचे उत्तर होते.

कमिशन न देताही तो खटला त्यांच्याकडेच राहिला. फी ठरली तीस रुपये. प्रत्यक्ष कोर्टात मात्र वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यासाठी उभे राहताच त्यांचे पाय लटपटले. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले. हे काम आपल्याच्याने होणार नाही, पटेल वकिलांना नेमा आणि फी परत घ्या, असे त्यांनी अशिलाच्या माणसाला सांगितले. पटेलांनी 51 रुपये घेऊन ते काम केले. गांधीजी शरमेने कोर्टाबाहेर पडले. अशील जिंकली की हरली, हेही त्यांना कळले नाही.

जे काम केले नाही त्याचे पैसे ठेवायचे नाहीत, हा नियम त्यांनी आपल्या सर्वात मोठ्या फजितीच्या दिवशीही पाळला. खिशात पैसे नसताना हे करणे सोपे नव्हते. पुढे त्यांनी 75 रुपये पगाराच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, पण पदवी नसल्यामुळे तीही नोकरी मिळाली नाही.

मुंबईत सहा महिने काढून ते राजकोटला गेले. तिथे मात्र त्यांना माघार घ्यावी लागली. राजकोटला कमिशन दलालाला नव्हे, तर काम पाठवणाऱ्या वकिलाला द्यावे लागे. त्यांचे थोरले बंधू एका वकिलाबरोबर भागीदारीत होते. भावाच्या शब्दापुढे गांधीजींचे काही चालले नाही आणि त्यांनी कमिशन दिले. पुढे आत्मचरित्र लिहिताना ही गोष्ट त्यांना सहज झाकता आली असती. त्यांनी ती उघडपणे कबूल केली, आणि आपण स्वतःचीच फसवणूक करून घेतली होती हेही मान्य केले.

1893 मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्षभराचा मोबदला होता 105 पौंड आणि जाण्यायेण्याचे भाडे. दावा 40 हजार पौंडांचा होता आणि दोन्ही पक्ष एकमेकांचे नातेवाईक, एकाच गावचे. दोन्हीकडच्या वकिलांची बिले फुगत चालली होती. जिंकणाऱ्यालाही सगळा खर्च परत मिळत नाही, हे गांधीजींच्या लक्षात आले. त्यांनी खटपट करून वाद लवादाकडे नेला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागल्यावर हरलेल्या तय्यब शेठना हप्त्याने पैसे फेडण्याची सवलतही मिळवून दिली. एकाचे दिवाळे निघाले नाही आणि दुसऱ्याचे पैसे बुडाले नाहीत.

आणखी एका खटल्यात लवादाने हिशेबात चूक केली होती. नावे टाकायची रक्कम जमेला पडली होती आणि फायदा गांधीजींच्या अशिलाचा होत होता. ज्येष्ठ वकिलाचे मत गप्प राहावे असे होते. गांधीजींनी अशिलाची संमती घेतली आणि ती चूक स्वतःच न्यायाधीशांपुढे मांडली. चूक दुरुस्त झाली, आणि बाकी निवाडा कायम राहिला.

अशा माणसाचे नाव 10 नोव्हेंबर 1922 रोजी इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकले. कारण पैशाचे नव्हते. राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांच्या मृत्यूनंतर 40 वर्षांनी, 1988 मध्ये, ते नाव पुन्हा यादीत घेण्यात आले.

आपल्याकडे वकिलांच्या गैरवर्तनाची दखल घेण्याचे काम 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने बार कौन्सिलकडे सोपवले आहे. तिची शिस्तपालन समिती वकिलाला समज देऊ शकते, काही काळ वकिली करण्यास बंदी घालू शकते किंवा त्याची सनद कायमची रद्द करू शकते. 1970 च्या दशकात एस्प्लनेड कोर्टाच्या आवारात अशिलांची ओढाताण करणाऱ्या काही वकिलांचे प्रकरण याच मार्गाने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, खटल्याच्या निकालावर फी ठरवणे नियमबाह्य आहे. म्हणून आपणही फी आधी विचारून घ्यावी, पावती मागावी आणि हिशेब मागण्यात संकोच करू नये. फसवणूक झालीच तर बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते.

पण समिती बसते ती चूक घडून गेल्यावर. त्या दिवशी स्मॉल कॉज कोर्टात गांधीजींवर कोणाचीही नजर नव्हती. तीस रुपये ठेवून घेतले असते तर कोणी तक्रारही केली नसती. आपण वकील नसू, पण कोणी प्लंबर आहे, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी सोसायटीचा खजिनदार. न केलेल्या कामाचे तीस रुपये आपल्याही हातात कधीतरी येतात. ते परत करायला आपले पाय उचलतात का?