सरन्यायाधीशांनी न पाहिलेला अहवाल

अमेरिकेचे तेरावे सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचे नाव आज निघते ते बहुतेक वेळा एका विमान अपघाताच्या खटल्यामुळे. लष्करी विमान कोसळल्यास त्याच्या चौकशीचा अहवाल मृतांच्या वारसांना मिळावा, की राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सांगून सरकारला तो न्यायाधीशांपासूनही दूर ठेवता यावा, हा प्रश्न १९५३ साली त्यांच्यापुढे आला. त्यांनी कौल सरकारच्या बाजूने दिला. त्याचे मूळ त्यांच्या जीवनक्रमात शोधावे लागते.

केंटकी राज्यातील लुइझा या लहानशा गावी २२ जानेवारी १८९० रोजी व्हिन्सन यांचा जन्म झाला. वडील तेथील तुरुंगाधिकारी होते. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी गावातच वकिली सुरू केली आणि १९२४ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसमध्ये पोहोचले. करविषयक कायद्यांचे जाणकार आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांचे खंदे समर्थक अशी त्यांची ख्याती झाली. १९३८ मध्ये ते वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाले. परंतु महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये, ते पद सोडून किमती व वेतन यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कार्यालयाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. पुढे अर्थमंत्री आणि १९४६ मध्ये सरन्यायाधीश. अध्यक्ष ट्रुमन यांचे ते पत्त्यांच्या डावातले सोबती. न्यायासनापेक्षा शासनाच्या दालनातच त्यांची जडणघडण झाली होती असे म्हणावे लागते. १९५२ मध्ये ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा न्यायालयाच्या बहुमताने ते घटनाबाह्य ठरवले. व्हिन्सन मात्र अध्यक्षांच्या बाजूने अल्पमतात उभे राहिले. वर्णभेदाविरुद्ध त्यांनी १९४८ आणि १९५० मध्ये लिहिलेले निकाल ही त्यांच्या कारकिर्दीची जमेची बाजू.

६ ऑक्टोबर १९४८ रोजी जॉर्जिया राज्यात वेक्रॉस शहराजवळ हवाई दलाचे बी-२९ विमान कोसळले. गुप्त इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणीसाठी निघालेल्या या विमानातील १३ पैकी ९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील तिघा नागरी तंत्रज्ञांच्या विधवांनी नुकसानभरपाईचा दावा लावून अपघाताचा अहवाल मागितला. हवाई दलाने नकार दिला. न्यायाधीशांनी तो एकट्याने वाचून पाहण्याची तयारी दाखवली, तरीही नकार कायम राहिला. तेव्हा फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरून २ लाख २५ हजार डॉलरची भरपाई ठरवली. अपील न्यायालयात न्यायाधीश अल्बर्ट मॅरिस यांनी हा निकाल उचलून धरला. युद्धकाळात किंमत नियंत्रणाच्या खटल्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयात हेच मॅरिस व्हिन्सन यांचे सहकारी होते.

९ मार्च १९५३ रोजी व्हिन्सन यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला. खातेप्रमुखाने स्वतः विचार करून औपचारिक दावा केला पाहिजे, ही अट त्यांनी घातली. पण लष्करी गुपित उघड होण्याचा वाजवी धोका दिसत असेल, तर न्यायाधीशांनीही कागद पाहण्याचा आग्रह धरू नये असे ठरवले. बचावलेल्या कर्मचाऱ्यांची साक्ष घेण्याची मुभा सरकारने दिली होती, ती वाट विधवांनी धरायला हवी होती असेही त्यांचे म्हणणे पडले. कोरियातील युद्ध तेव्हा चालू होते, ही गोष्ट विसरता येत नाही. तरीसुद्धा ज्या कागदावर सारा वाद होता, तो न पाहताच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा केला. विधवांनी अखेर १ लाख ७० हजार डॉलरवर तडजोड केली. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला हृदयविकाराने व्हिन्सन यांचे निधन झाले.

गोपनीयता उठल्यावर, २००० साली तो अहवाल मृतांपैकी एकाच्या मुलीच्या हाती लागला. गुप्त उपकरणांच्या रचनेविषयी त्यात काही नव्हते. इंजिनाने पेट घेतल्याची आणि उष्णतारोधक पत्रे बसवण्याचा तांत्रिक आदेश पाळला न गेल्याची नोंद मात्र होती. वारसांनी जुना निकाल फसवणुकीवर आधारलेला असल्याचे सांगत पुन्हा न्यायालये गाठली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज दाखल करून घेतला नाही, २००५ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दार बंद केले. व्हिन्सन यांचा निकाल कायम राहिला. २०२२ मध्ये ग्वांटानामोतील एका कैद्याच्या प्रकरणात सरकारची गुपिते राखताना त्याच न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.