टोपीवाल्याने आणला आयकर! जेम्स विल्सन यांची गोष्ट

२४ जुलै हा देशात आयकर दिवस म्हणून पाळतात. १८६० साली याच दिवशी भारतात पहिल्यांदा आयकर लागू झाला. तो आणणारा माणूस म्हणजे जेम्स विल्सन.

विल्सन यांचा जन्म १८०५ चा, स्कॉटलंडमधल्या हॉविक गावचा. वडिलांचा लोकरीचा धंदा. पोरगा सोळाव्या वर्षी टोप्या बनवायच्या कामाला लागला. पुढे लंडनमध्ये चांगला जम बसला, पण निळीच्या सट्ट्यात हात पोळले आणि होतं नव्हतं ते गेलं. तरी गडी खचला नाही. सावकारांशी तडजोड झाली होती, तरी नंतर स्वतःहून त्यांची बाकी फेडली. १८४३ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढलं, ते आजही निघतं. पुढे खासदार झाले, बँकही काढली.

इकडे १८५७ चा उठाव झाला. तो मोडताना इंग्रज सरकारचा खजिना रिकामा झाला, डोक्यावर कर्ज चढलं. हिशोब मार्गी लावायला १८५९ च्या शेवटी विल्सन यांना कलकत्त्याला पाठवलं. १८ फेब्रुवारी १८६० ला त्यांनी भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला.

त्यात आयकर होता. वर्षाला २०० ते ५०० रुपये कमाईवर २ टक्के आणि त्याच्या वर ४ टक्के. जमीन, धंदा, रोखे आणि पगार-पेन्शन असे उत्पन्नाचे चार भाग केले. म्हणजे तेव्हा जमिनीचं उत्पन्नही सुटलं नव्हतं! बंगालचे जमीनदार चिडले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी तर उघड विरोध केला. नव्या कराने लोक पुन्हा बिथरतील, अशी त्यांना भीती होती. पण विरोध पेपरात छापून आणला म्हणून त्यांनाच माघारी बोलावलं गेलं.

सरकारी कागदी नोटांची योजनाही विल्सन यांचीच. तिचा कायदा १८६१ मध्ये झाला, पण तो बघायला ते राहिले नाहीत. कलकत्त्याच्या पावसाळ्यात हगवण लागली आणि ११ ऑगस्ट १८६० ला वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. भारतात येऊन वर्षही झालं नव्हतं.

त्यांचा कर वसूल करायला किचकट निघाला आणि १८६५ मध्ये बंद पडला. पुढे १८८६ चा कायदा आला आणि शेतीचं उत्पन्न करातून वगळलं गेलं. ती सूट आजही आहे. मात्र नोकरी किंवा धंद्याची करपात्र कमाई असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही धरतात, हे शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आला. कलमं ८०० च्या वरून ५३६ वर आली. कर सोपा करायचं जे काम विल्सन यांच्या माघारी राहिलं, ते दीडशे वर्षं उलटली तरी चालूच आहे.