रावबहादूर पारसनीस : इतिहासाचे संग्राहक

सोन्याचे नाणे हे फार दुर्दैवी असते. त्याला किंमत असते म्हणूनच ते नाहीसे होते. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याची गिन्नी असो वा १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला सॉव्हरिन असो, घरात अडचण आली की तो सोनाराच्या मुशीत जातो. जुन्या कागदाचे दुर्दैव उलट! त्याला किंमत नसते, म्हणून तो वाळवीच्या तोंडी जातो. दोघांनाही वाचवतो तो संग्राहक. आपल्या सातारा जिल्ह्याला असा एक संग्राहक लाभला होता : दत्तात्रय बळवंत पारसनीस.

त्यांचा जन्म १८७० चा. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पण वयाच्या सतराव्या वर्षीच, १८८७ साली, त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक काढले. १८९४ साली त्यांनी लिहिलेले झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध झाले. सत्तावनचा उठाव होऊन चाळीस वर्षेही उलटली नव्हती. अशा वेळी राणीचे चरित्र मराठीत लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे ‘भारतवर्ष’ आणि १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ या नियतकालिकांतून त्यांनी शेकडो जुनी पत्रे उजेडात आणली.

त्यांची सर्वांत मोठी कमाई म्हणजे मेणवलीचे दप्तर. वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणिसांचा वाडा आहे. नाना १८०० साली वारले आणि उत्तर पेशवाईच्या कारभाराचे कागद तेथे राहिले. ते पारसनिसांच्या हाती आले आणि अभ्यासकांना खुले झाले. कागदांबरोबरच चित्रे, नकाशे, नाणी असे जे जे मिळेल ते त्यांनी जमवले.

याच काळात इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळीत होते. राजवाडे सरकारपासून दूर राहिले; पारसनिसांनी इंग्रज अधिकाऱ्यांशी स्नेह जोडला. किंकेड या न्यायाधीशाबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. त्याचा पहिला खंड १९१८ चा. ज्या महाबळेश्वराचा डोंगर १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी खंडाळ्याच्या मोबदल्यात कंपनीला दिला, त्या स्थळावरही त्यांनी १९१६ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सरकारने त्यांना रावबहादूर केले.

हा स्नेह खटकणारे तेव्हा होते, आजही असतील. स्वाभिमानाच्या तराजूत राजवाड्यांचे पारडे जड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या स्नेहाने जी दारे उघडली, त्यांतून आलेले कागद आज कोणाच्या उपयोगी पडतात, हेही पाहावे. दोघांचे मार्ग वेगळे, ध्यास एकच. योगायोग असा, की दोघेही १९२६ सालीच निवर्तले.

संग्राहकाची खरी कसोटी त्याच्या मागे लागते. त्याचा संग्रह वाटण्यांत फुटतो की समाजाचा होतो? पारसनिसांनी साताऱ्यास संग्रहालयाचा पाया घातला. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा हा संग्रह तेथे गेला. साताऱ्याचे धन पुण्यास गेले याची खंत वाटते. पण ते फुटले नाही, मुशीत गेले नाही, हे समाधान त्याहून मोठे आहे.

मित्रहो, आपल्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखादी ट्रंक असेल. रद्दीवाला किंवा सोनार यांच्याआधी आपण ती उघडली, तर पारसनिसांचे ऋण थोडे तरी फिटेल.