माहेरची वाट, एकशे सहा किलोमीटर

आधी एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी अजूनही गडबडते, आणि मराठीत दोन पानं लिहायची म्हटली की व्हायवाच्या आधी येतो तसा घाम येतो. पण मेकॅनिकलच्या मुलींकडून मराठी विभागाला एकही लेख येत नाही, असं मंडळातली मैत्रीण वर्षभर टोचत होती. त्यात दिवाळीच्या सुट्टीत आमची भोर-वेल्ह्याची वारी झाली आणि विषय आपोआपच मिळाला. विषय आहे बर्था बेंझ. कार्ल बेंझ नाही, त्याची बायको.

झालं असं. माझी आजी भोरजवळ एका गावात राहते. तिचं माहेर वेल्ह्याकडचं. तिची थोरली बहीण बरेच दिवस आजारी होती आणि आजीला तिला एकदा भेटायचं होतं. मामाने नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतलीये, पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे गाडी चालवणार मी. पप्पांचं म्हणणं होतं की घाटात बॅटरीचा भरवसा नाही, त्यांची डिझेल गाडी न्यावी आणि तीही त्यांनी स्वतः चालवावी, पुढच्या रविवारी. पुढचा रविवार आजीला मंजूर नव्हता. मग मी आणि मामा सकाळी लवकर निघालो. इलेक्ट्रिक गाडी घेऊन चाललोय, एवढं मात्र पप्पांना सांगायचं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे काय ते वाचकांनी समजून घ्यावं.)

आता बर्थाकडे वळते.

तिचा जन्म 3 मे 1849 चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकाम करून चांगले श्रीमंत झालेले. असं सांगतात की लहानपणी तिने घरातलं बायबल उघडलं, तर तिच्या जन्माच्या नोंदीपुढे, पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाची खंत वडिलांनी लिहून ठेवलेली होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने हे वाचलं म्हणजे काय वाटलं असेल? मला तरी फार लांबची गोष्ट वाटली नाही. मी मेकॅनिकल घेतलं तेव्हा आमच्याकडे किती जणांनी कॉम्प्युटर का नाही, आयटी का नाही म्हणून विचारलं ते मला माहितेय. मुलींच्या शाळेत तिला विज्ञान आवडायचं. पण विद्यापीठाची दारं बंद. बाडेन राज्यात मुलींना रीतसर प्रवेश मिळायला 1900 साल उजाडलं, तोवर ती पन्नाशी ओलांडून गेली होती.

1869 मध्ये एका सहलीत तिला कार्ल बेंझ भेटला. इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, वडील तान्हेपणीच गेलेले, कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमधून इंजिनिअर झालेला आणि खिशात दमडी नसलेला. त्याच्या डोक्यात एकच वेड, घोड्याशिवाय चालणारी गाडी! 1871 मध्ये त्याने मॅनहाइमला भागीदारीत वर्कशॉप काढलं, पण भागीदार बिनभरवशाचा निघाला. तेव्हा बर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतली आणि भागीदाराला पैसे देऊन मोकळं केलं. लग्न झालं 20 जुलै 1872 ला. म्हणजे नवरी ही आधी गुंतवणूकदार होती आणि बायको नंतर. गंमत अशी की लग्न झाल्यावर बायकोच्या पैशावर कायद्याने नवऱ्याचा हक्क. त्यामुळे पुढे पेटंट घेतलं तेव्हा त्यावर नाव फक्त कार्लचं.

हे मी गाडीत मामाला सांगत होते, तर तो बराच वेळ गप्पच. मग म्हणाला की त्याची पहिली वडापची जीप आजीच्या पाटल्या मोडून आली होती. कागदावर नाव मात्र आजोबांचं आणि त्याचं. आजीचं नाव सातबाऱ्यावर आलं ते आजोबा गेल्यावर.

त्यानंतरची बेंझांची वर्षं वाईट गेली. धंदा बसला, वर्कशॉपमधलं सामान जप्त झालं, आणि घरात लहान मुलं. 1879 च्या शेवटच्या रात्री, म्हणजे थर्टी फर्स्टला, दोघं वर्कशॉपमध्ये गेले. कित्येक दिवस हटून बसलेलं टू-स्ट्रोक इंजिन त्या रात्री सुरू झालं आणि बंद पडेना. आपण थर्टी फर्स्टला काय करतो ते इथे लिहीत नाही. पुढे कार्लने फोर-स्ट्रोक इंजिनवर तीनचाकी गाडी बनवली आणि 29 जानेवारी 1886 ला तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पहिल्या गाडीचं इंजिन 954 सीसी, ताकद पाऊण हॉर्सपॉवर, वेग ताशी 16 किलोमीटर. आमच्या लॅबमधला पंपसुद्धा त्याहून दणकट आहे! पण त्या गाडीत इलेक्ट्रिक इग्निशन होतं, बॅटरी आणि इंडक्शन कॉइलचं. म्हणजे पेट्रोल गाडीच्या पोटातही वीज पहिल्या दिवसापासून होतीच.

गाडी झाली, पण घेणार कोण? लोक हसायचे. कार्ल स्वभावाने परफेक्शनिस्ट, अजून एक सुधारणा, अजून एक सुधारणा करत बसणारा (प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असा एकजण असतोच, सबमिशनच्या आदल्या रात्रीही तो फाइल उघडून बसलेला असतो). बर्थाला कळलं होतं की गाडी लांबवर चालवून दाखवल्याशिवाय कोणी विकत घेणार नाही. ऑगस्ट 1888 मध्ये एका पहाटे नवरा झोपेत असताना तिने मुलांना उठवलं. ऑयगन पंधरा वर्षांचा, रिचर्ड तेराचा. तिघांनी गाडी बाहेर काढली आणि निघाले मॅनहाइमहून फोर्झहाइमला, तिच्या माहेरी. अंतर एकशे सहा किलोमीटर. तोवर कोणी मोटार घेऊन एवढ्या लांब गेलंच नव्हतं. पेट्रोल पंप नाही, मेकॅनिक नाही, रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे.

आमचा रस्ता निदान हायवे होता. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ, तिथून आत वळून भोर. भाटघर धरणाची भिंत दिसली की आजीचं गाव आलं असं मी लहानपणापासून समजते. आदल्या रात्री सोसायटीतली लाइट गेल्यामुळे बॅटरी अर्धीच भरलेली. वाटेत एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे असं ॲप सांगत होतं, तो बंद निघाला. भोरला पोचलो तेव्हा बॅटरी एकवीस टक्के. गाडीची बॅटरी तीस युनिटची, म्हणजे शिल्लक सहा-सव्वासहा युनिट. भोरहून परत कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे म्हणजे पन्नासेक किलोमीटर, आणि येताना पाबे घाट. मी वहीत आकडेमोड केली. दीड टनाची गाडी तीनशे मीटर वर चढवायला नुसती सव्वा युनिट लागतात, बाकीचा खर्च वेगळा. जमत नव्हतं. आजी लुगड्याची घडी घालून, पिशवी भरून ओट्यावर तयार बसलेली. पप्पांना फोन करायचा का, हा प्रश्न मी आणि मामाने एकमेकांकडे न बघता टाळला.

बर्थाचंही तेल संपलं होतं. त्या गाडीत जेमतेम साडेचार लिटर इंधन मावायचं. ते इंधन म्हणजे लिग्रॉइन, कपड्यांवरचे डाग काढायचं द्रव्य, आणि ते मिळायचं औषधांच्या दुकानात. वीसलोख गावात तिने औषधवाल्याकडून ते विकत घेतलं. आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. औषधवाल्याला त्या दिवशी याची कल्पनाही नसेल, डाग फारच मोठा असावा असं वाटलं असेल त्याला!

आमचं औषधाचं दुकान म्हणजे शेजारची पिठाची गिरणी. आजीच्या घरातल्या सॉकेटवर मिक्सरच कसाबसा चालतो, पण गिरणीत दणकट वायरिंग आणि सोळा अँपियरचा सॉकेट होता. गिरणीवाल्या काकांनी आधी मीटरकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि लावा म्हणाले. युनिटचे पैसे किती होतील ते मी हिशोब करून सांगितलं, तर आजीच्या समोर पैशाचं बोलू नको म्हणून मलाच दटावलं. तीन तासांत नऊ-एक युनिट भरली. तोवर अर्धं गाव गाडी बघून गेलं. एका आजोबांनी सायलेन्सर कुठाय म्हणून गाडीखाली वाकून पाहिलं. कोणीतरी सांगितलं की भाटघरला सोळा मेगावॅटचं वीजगृह आहे, त्यामुळे गाडी आता गावच्याच पाण्यावर चाललीये. ग्रिडचं गणित तसं नसतं, पण मी काही बोलले नाही.

बर्थाच्या वाटेत अडचणी संपत नव्हत्या. इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर घासून उघडी पडली, तिला गार्टरचं, म्हणजे मोजे बांधायच्या पट्ट्याचं, इन्सुलेशन केलं. चेन बिघडली तेव्हा लोहाराला गाठलं. इंजिन गार ठेवायचं पाणी उकळून उडून जायचं, म्हणून दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर थांबायचं. चढावर दोन-अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन दम टाकायचं, मग खाली उतरून ढकला. उतारावर उलटा त्रास, लाकडी ब्रेक झिजून जायचे. एका गावात तिने मोच्याकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. मित्रांनो, ब्रेक लायनिंग हा शब्द आपण थर्ड इयरला पाच मार्कांसाठी पाठ करतो, ती कल्पना अशी रस्त्यावर जन्माला आली.

अंधार पडताना तिघं फोर्झहाइमला पोचली आणि तिने नवऱ्याला तार केली की आम्ही सुखरूप आहोत. काही दिवसांनी तीच गाडी चालवत परतही आली. घरी आल्यावर कार्लला काय काय कमी पडतं ते सांगितलं, आणि चढासाठी आणखी एक गिअर गाडीला बसला. हा जगातला पहिला टेस्ट ड्राइव्ह रिपोर्ट म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली, हळूहळू ग्राहक मिळाले, आणि 1899 पर्यंत बेंझ कंपनी जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी झाली होती.

त्याच 1899 मध्ये बेल्जियमच्या कामीय जेनात्सीने ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला, तो इलेक्ट्रिक गाडीत! पुढे हेन्री फोर्डची बायको क्लारासुद्धा इलेक्ट्रिक गाडीच वापरायची, कारण पेट्रोल गाडी सुरू करायला हँडल मारावं लागायचं. मग लांब जायचं म्हणून पेट्रोल जिंकलं. चार्जर बंद दिसला तेव्हा मला ते पुरेपूर पटलं होतं.

बेंझ कुटुंब पुढे लाडेनबुर्गला राहायला गेलं. 1926 मध्ये बेंझ आणि डाइमलर कंपन्या एक झाल्या, 1929 मध्ये कार्ल गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने कार्लला ऑनररी डॉक्टरेट आधीच दिली होती. बर्थाला त्यांनी मानद सिनेटर केलं, तिच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, 3 मे 1944 ला. दोन दिवसांनी, 5 मे ला, ती गेली. मला याचा राग येतो, खरंच येतो. पंच्याण्णव वर्षं थांबायला लावलं बाईला! तिने गाडी नेलेला रस्ता 2008 पासून तिच्या नावाने स्मारक मार्ग म्हणून ओळखला जातो.

आम्ही दुपारी तीनला निघालो. मार्गासनीनंतर आजी एकेक गाव ओळखून सांगू लागली. लग्न होऊन सासरी आली तेव्हा ती या वाटेने बैलगाडीत, मग थोडी चालत आली होती, पावसात. राजगड दिसला, मग तोरणा समोर आला. आजी सीटवर पुढे सरकून बसली. बहिणीच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा घरातून निघाल्यापासूनचं मीटर एकशे चार दाखवत होतं. दोन किलोमीटरसाठी बर्थाशी बरोबरी हुकली.

थोरली आजी अंथरुणावरच होती. ओळखेल का ही धास्ती होती, पण आजीचा हात हातात आल्याबरोबर तिने आजीला लहानपणीच्या नावाने हाक मारली, जे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. दोघी फारसं बोलल्या नाहीत. मी आणि मामा बाहेर अंगणात बसून राहिलो. आजी रात्री तिथेच राहिली.

परत निघालो तेव्हा बॅटरी सदतीस टक्के होती. पाबे घाट चढताना आकडा भराभर खाली आला, मामा एसी बंद कर म्हणाला, मी केला. वरच्या वळणावर फोनला रेंज आली आणि पप्पांचे अकरा मिस्ड कॉल दिसले. गाडी बाजूला घेऊन मी मेसेज टाकला की आजी पोचली, आम्ही सुखरूप आहोत, गाडी इलेक्ट्रिक आहे. पुढे उतार होता. उतरताना बॅटरी दोन टक्के भरली.