आनंदीबाईंचे लुगडे

इसवी सन 1880 च्या सुमारास मुंबईच्या रस्त्याने चौदा-पंधरा वर्षांची एक विवाहित मुलगी हातात पुस्तके घेऊन शाळेला जात असे. अंगावर नऊवारी लुगडे, कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. यात कोणाला नवल वाटावे असे काही नव्हते. पण तिच्या पायांत मोजे व बूट असत, आणि तेवढ्यामुळे सारा रस्ता तिच्याकडे वळून पाही. खिडक्यांतून माथी बाहेर येत. कोणी आपली गाडी थांबवून पाही. वाटसरू भोवती जमून मोठ्याने हसत. ओटीवर बसलेली सभ्य म्हणवणारी माणसेही टोमणे मारीत, खडे फेकीत. तिला पाहून दुकानदार थुंकत. मुलगी खाली मान घालून चाले आणि शाळेत पोहोचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होई.

ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. पुढे अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्यांचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात, 31 मार्च 1865 या दिवशी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी लागले. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते. त्यांचे हे दुसरे लग्न. वयाने ते पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवावयाचे, हा त्यांनी जणू पणच केला होता. त्या काळी घरातील वडीलधाऱ्यांसमोर पतीपत्नींनी एकमेकांशी बोलणेही मर्यादेचा भंग समजला जाई. अशा काळात रोज बायकोला पुढे बसवून धडे देणारा नवरा लोकांना वेडाच वाटला. गोपाळरावांचा स्वभाव मात्र अतिशय कडक होता. अभ्यासात कसूर झाली की ते संतापत, प्रसंगी हातही उगारीत. लहानग्या आनंदीबाईंनी घरी पतीचा राग सोसला आणि दारी लोकांची निंदा सोसली. या दोहोंपैकी अधिक जड कोणते वाटले असेल, हे सांगणे कठीण आहे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. दहा दिवसांतच तो दगावला. बाळबाळंतिणीवर योग्य उपचार करील असा वैद्य वेळेवर मिळाला नाही. आजारी स्त्रिया परपुरुषाला नाडी दाखवण्यास लाजत, आपले दुखणे उघड करून सांगण्यास कचरत. त्यामुळे कित्येक जणी घरातल्या घरात झिजून मरत. मर्यादा राखावी म्हणून जीव जाऊ द्यावयाचा, असा तो प्रकार होता. स्त्रियांना तपासावयास स्त्रीच डॉक्टर असली पाहिजे, हा विचार आनंदीबाईंच्या मनात रुजला, त्याचे मूळ या दुःखात होते.

आता लोकांना बुटांचा एवढा राग का यावा? आज हे कोडे वाटते. त्या काळच्या उच्चवर्णीय समाजात कुलीन स्त्रीने अनवाणी चालावे, छत्री घेऊ नये, दृष्टी जमिनीकडे ठेवावी, अशी रीत होती. जोडा आणि छत्री या पुरुषांच्या वस्तू. बाईने त्या वापरल्या की तिने पुरुषांची बरोबरी केली, किंवा मडमांची नक्कल केली, असे मानीत. असा कायदा कोठे लिहिलेला नव्हता. सरकारचा शिपाई त्यासाठी कोणाला धरून नेत नसे. तरीही कायद्यापेक्षा ही रीत कडक होती. कारण तिचा पहारा शेजारणी, नातलग, दुकानदार, उपाध्याय असे सगळेच करीत. प्रथम कुजबुज, मग टोमणे, मग हळदीकुंकवाचे बोलावणे बंद, आणि अखेरीस वाळीत टाकणे, अशा पायऱ्यांनी ती शिक्षा चढत जाई. वाळीत पडलेल्या घराशी रोटीबेटीचा व्यवहार होत नसे. लग्नमुंजीला भटजी येत नसे. मेलेल्या माणसाला खांदा द्यावयासही कोणी पुढे होत नसे. एकाच्या वागण्याचे फळ साऱ्या कुळाला भोगावे लागे. म्हणून घरची माणसेच सर्वांत आधी विरोधाला उभी राहत. त्यांत दुष्टावा थोडा आणि भय फार असे.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत फिरत बंगालमध्ये गेले. बंगालची तऱ्हा आणखी निराळी होती. तेथील थोर घरच्या स्त्रिया पडद्यात राहत. नवराबायको दोघे मिळून उघड्या रस्त्याने फिरावयास निघालेली पाहून तेथले लोक थक्क होत. महाराष्ट्रात बूट हा अपराध ठरला होता; बंगालमध्ये नुसते उघड्या तोंडाने चालणेही पुरे होते. मर्यादेची रेघ प्रत्येक प्रांताने वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे, हे आनंदीबाईंनी इतक्या लहान वयात स्वतःच्या अनुभवाने जाणले.

दुसऱ्या बाजूनेही त्यांच्यावर दाब येतच होता. मिशनऱ्यांच्या शाळांतून शिक्षण मिळे, परंतु त्याबरोबर धर्मांतराचा आग्रहही असे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागणारे एक पत्र अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले होते. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. ख्रिस्ती झाल्यास साह्य मिळेल, असा त्या उत्तराचा भावार्थ होता. पण कधी कधी नकारातूनही मार्ग निघतो. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या श्रीमती कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांचे मन कळवळले. त्यांनी पत्र पाठवले, आणि समुद्रापलीकडच्या या अपरिचित बाईला आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. या मावशींनी धर्म बदलण्याची अट कधीही घातली नाही.

अमेरिकेला जाण्याचे ठरले तेव्हा निंदेचा मोठाच लोट उसळला. समुद्र ओलांडणे हे पातक. त्यात एका स्त्रीने, तेही पतीला मागे ठेवून, एकटीने जावयाचे! हिंदू लोक धर्म बुडाला म्हणून ओरडू लागले, तर काही ख्रिस्ती लोक ही बाई बाप्तिस्मा का घेत नाही म्हणून नाराज झाले. तेव्हा आनंदीबाईंनी एक विलक्षण गोष्ट केली. ज्या काळी कुलीन स्त्रीचा आवाज परक्या पुरुषाच्या कानी पडणे हेही अनुचित मानीत, त्या काळी त्या स्वतः सभेत उभ्या राहिल्या. 24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. श्रोत्यांत देशी लोकही होते व युरोपियनही होते. वक्त्या त्या वेळी अठरा वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या.

लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे देण्यासाठी आपण उभ्या आहोत, अशी सुरुवात करून त्यांनी एकेक आक्षेप हाती घेतला. मुंबईच्या रस्त्यावर झालेला छळही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितला. हिंदुस्थानात राहून हे शिक्षण का होणार नाही, याचे ते उत्तरच होते: जेथे नुसते शाळेपर्यंत चालत जाणेही अवघड, तेथे इतकी वर्षे अभ्यास कसा व्हावा? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील, या धाकाला त्यांचे उत्तर सरळ होते. आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहू. अन्न बदलणार नाही, वेष बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. एवढ्यावरही ज्यांना बहिष्कार घालावयाचा असेल त्यांनी वाट न पाहता आजच घालावा.

हे वचन मोठे होते. ते देताना अमेरिकेतील थंडीची त्यांना पुरती कल्पना असणे शक्य नव्हते.

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून त्यांची आगबोट निघाली आणि 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. कार्पेंटरांच्या घरी आनंदीबाईंना माहेरच मिळाले. त्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. विद्यालयाच्या मुख्य डॉ. रेचेल बॉडले यांनी त्यांच्यावर मायेची पाखर घातली, विद्यार्थिवेतनही मिळाले. पण बिऱ्हाडाच्या खोलीतील शेगडी धड पेटत नसे, नुसता धूर करी. बाहेर बर्फ पडलेले असे. शाकाहार पाळावयाचा, तोही हातांनी शिजवून. कोळसा, लाकडे आणि वेळ तिन्हींची टंचाई. अभ्यास करावा तर चूल राहते, चूल पेटवावी तर अभ्यास राहतो.

अशा वेळी लुगड्याचा प्रश्न उभा राहिला. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की पोटऱ्या व घोटे उघडे राहतात. आपल्याकडे यात कोणालाही गैर वाटत नाही. उलट कासोटा हीच मराठी स्त्रीची कुलीनता. अमेरिकेत मात्र स्त्रीचा घोटा दिसणे हाच त्या काळी मोठा अविनय! मुंबईत पाय झाकले म्हणून खडे खाल्ले, आणि येथे पाय उघडे म्हणून लोक टक लावून पाहू लागले. शिवाय थंडी तर हाडांत शिरत होती. आनंदीबाईंनी पुष्कळ विचार केला. गाउन घालणे सोपे होते. भोवतालच्या साऱ्या जणी तेच घालीत. पण दिलेले वचन त्यांच्या ध्यानात होते. अखेर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. ती पावलांपर्यंत पोहोचे आणि तिच्याखाली उबदार वस्त्रे घालता येत. वेष हिंदूच राहिला, फक्त नेसण्याची तऱ्हा बदलली. हजारो कोसांवर असलेल्या पतीला त्यांनी हे पत्राने कळवले. गोपाळरावांना हा एवढा बदलही रुचला नाही. ज्या गृहस्थाने बायकोच्या पायांत बूट घालून साऱ्या गावाशी वैर पत्करले, त्यालाच आता साडीचा घोळ खटकावा, हे आश्चर्य खरे. आनंदीबाईंनी आपली बाजू शांतपणे मांडली आणि साडी तशीच नेसत राहिल्या.

10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात विद्यालयातील तीन विद्यार्थिनी आहेत. जपानची केइ ओकामी आपल्या किमोनोत आहे, सीरियाची साबात इस्लामबूली आपल्या देशाच्या पोशाखात आहे आणि आनंदीबाई साडी नेसून बसल्या आहेत. तिघी तीन धर्मांच्या वातावरणात वाढलेल्या. आपापल्या देशी त्यांना कोणकोणते नियम पाळावे लागले होते, यावर त्यांच्या खोलीत कधी गोष्टी झाल्या असतील काय?

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या निबंधाचा विषय होता. समारंभाला गोपाळराव होते आणि आनंदीबाईंच्या नात्यातील पंडिता रमाबाईही मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. परंतु थंडी, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी आपले काम केले होते. त्यांना क्षयाने ग्रासले. दुखणे घेऊनच त्या 1886 च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या.

ज्या बहिष्काराचा एवढा धाक घातला गेला होता, तो कोठे गेला? लोक आले ते दर्शन घेण्यास आले. पदवीधर होऊनही ही मुलगी साडी नेसून, कुंकू लावून, आपल्या भाषेत बोलत परत आली आहे, हे पाहून कित्येक जुन्या मंडळींची मनेही द्रवली. पुण्यास आजोळच्या माणसांत त्यांची शुश्रूषा चालली. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली. एकाही रोगी स्त्रीची नाडी तेथे पाहण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे प्राण गेले.

उत्तरक्रियेच्या वेळी उपाध्याय हरकत घेतील, अशी घरच्यांना धास्ती होती. तशी हरकत कोणी घेतली नाही. सर्व विधी यथासांग झाले. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेला पाठवली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी या गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवण्यात आली. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे त्या शिळेवर कोरलेले आहे.