वजाचं एक चिन्ह, कामं दोन: केनेथ आयव्हर्सन यांची गोष्ट

पायथन शिकायला लागलो तेव्हा मोबाईलवर -२**२ टाइप केलं. उणे दोनचा वर्ग, म्हणजे ४ यायला हवा ना? आलं -४. पायथन आधी २ चा वर्ग करतो, मग वजा लावतो. एक्सेलमध्ये =-२^२ टाकलं तर मात्र ४! या चुकीने माझा एक छोटा प्रोग्रॅम दोन दिवस अडवून ठेवला होता.

हा गोंधळ मुळातूनच मिटवू पाहणारा माणूस म्हणजे केनेथ आयव्हर्सन. जन्म १९२० चा, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला. महामंदीत घरच्या शेतीवर हात हवे होते, म्हणून नववीनंतर शाळा सुटली. कॅल्क्युलस ते पुस्तक समोर ठेवून स्वतःच शिकले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना पोस्टाने धडे मागवून राहिलेली शाळा करत गेले. पुढे क्वीन्स विद्यापीठ, मग हार्वर्ड, आणि १९५४ ला पीएच.डी.!

हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांना गणिताची नेहमीची चिन्हं अपुरी पडू लागली, म्हणून त्यांनी स्वतःची तयार केली. १९६० ला ते आयबीएममध्ये गेले. १९६२ ला 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक आलं, त्यावरून भाषेचं नाव पडलं एपीएल.

आपण शाळेत कंचेभागुबेव घोकलं. एपीएलमध्ये ते नाहीच. तिच्यात क्रिया इतक्या, की आधी कोण आणि नंतर कोण याचं कोष्टक कोण लक्षात ठेवणार? म्हणून नियम एकच: प्रत्येक क्रिया आपल्या उजवीकडचं सगळं उत्तर घेते. ३×२+४ म्हणजे १८. १०-४-३ म्हणजे चक्क ९. (मला अजून सवय झालेली नाही.)

वजाचा उपाय मात्र लगेच पटला. वजा करणं ही क्रिया आहे, पण उणे दोनमधलं 'उणे' त्या संख्येचाच भाग आहे. मग चिन्ह एकच कशाला? त्यांच्या भाषेत ऋण संख्येला वर चढवलेली छोटी रेघ असते: ¯२. तिथे * म्हणजे घात. त्यामुळे ¯२*२ चं उत्तर ४, आणि -२*२ चं ¯४. शंकेला जागाच नाही.

१९७९ ला त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नंतर रॉजर हुई यांच्यासोबत त्यांनी 'जे' ही भाषा केली. तिच्यातही ऋण संख्येचं चिन्ह वेगळंच आहे, अंडरस्कोर. ऑक्टोबर २००४ मध्ये जे भाषेचाच एक धडा तयार करताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तीन दिवसांनी ते गेले.

मी पायथनमध्ये आता कंस घालतो: (-२)**२.